एवढ्या रात्री जायचं कुठं?

साल १८८२. तुम्ही वरवट बकालात उभ्या आहात. वाचणारे पुरुष असाल तरी या प्रवासापुरत्या तुम्ही बाई आहात. वय विशीतलं, कडेवर लेकरू, पाठीवर ताजे वळ. गाव आजचंच आहे, जिल्हा मात्र दुसरा. गाव ज्यात येतं तो जळगाव जामोद तालुका अजून अकोल्यात मोडतो, बुलडाण्याला तो १९०५ साली जोडला जाईल. वऱ्हाड नावापुरतं निजामाचं, कारभार इंग्रजांचा. उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ, बाकी सगळीकडे काळी माती आणि कपाशी. कपाशीला खामगावच्या बाजारात भाव आहे, म्हणून गावात पैसा दिसतो. पण हा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, गोड पाण्यासाठी लांब जावं लागतं. आज तुम्हाला पाणी घेऊन यायला उशीर झाला आणि नवऱ्यानं हात उचलला.

अंधार पडलाय. आता जायचं कुठं?

माहेरी गेलात तर बाप दोन दिवस ठेवून घेईल आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बैलगाडीनं परत आणून सोडेल. शेजारीण कवाड अर्धंच उघडते आणि म्हणते, "मार कोणाले नाही भेटला व माय? घरी जाय, लेकरू भुकं आहे." तिच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. तिच्याही पाठीवर वळ आहेत आणि तिला दुसरं काही माहीत नाही. पाटलाकडे गेलात तर तो नवऱ्याला बोलावून तुम्हाला त्याच्या हवाली करेल. राहिलं सरकार. इंग्रजी कायद्यात तुमच्या नवऱ्याला तुमच्यावर दावा लावता येतो, बायको नांदायला येत नाही म्हणून. दोनच वर्षांनी मुंबईत रखमाबाईंवर असा दावा लागेल आणि १८८७ साली कोर्ट त्यांना सांगेल, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार होतील आणि पुढे डॉक्टर होतील. पण त्यांच्यामागे शिकलेले सावत्र वडील होते, वर्तमानपत्रं होती. तुमच्यामागे अंधारातली पांदण आहे.

तरीही निघा. शेगावात चार वर्षांपूर्वी गजानन महाराज प्रगटले आहेत. दर्शनाला जाते म्हणून घराबाहेर पडता येईल. शेगावला आगगाडी आहे, जलंब, नांदुरा करत मलकापूरला उतरा. तिथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलडाण्याला या. घाटाखालचा उकाडा मागे राहतो, वर हवा गार आहे. इथं डेप्युटी कमिशनरची कचेरी आहे आणि त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क आहेत. सत्यशोधक समाजाचे माणूस. त्यांची मुलगी ताराबाई हिला भेटायला तुम्ही एवढा घाट चढलात.

ताराबाई तिशीच्या आसपासच्या आहेत. वडिलांनी त्यांना घरीच शिकवलं, मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही. लग्न झालंय, नवरा घरजावई. मूलबाळ नाही. या वर्षी त्या भयंकर संतापलेल्या आहेत आणि त्या संतापाचं कारण सुरतेकडचं आहे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. बाळ जन्मलं, अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारलं. १८८१ साली कोर्टानं तिला फाशी सुनावली, अपिलात ती जन्मठेपेवर आली. त्यावर पुण्याच्या छापील कागदांतून बायकांच्या जातीलाच शिव्या सुरू झाल्या. बायका कशा बिघडल्यात, कशा कपटी असतात, याचा पाऊस पडला. ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो पुरुष कोण, हे कुणी विचारलं नाही. ताराबाईंनी विचारलं.

त्यांनी लिहिलेलं पुस्तक म्हणजे 'स्त्री-पुरुष तुलना'. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं, पन्नासेक पानांचं, किंमत नऊ आणे. ते हातात घेतलंत तर आजही चटका बसतो. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईनं डोकं का भादरून घ्यायचं? ज्या दुर्गुणांची यादी बाईच्या नावावर लावता, त्यातला कुठला तुमच्यात नाही? नाटकं-कादंबऱ्यांत रंगवलेल्या बायकांपासून शास्त्रापर्यंत त्या कुणाला सोडत नाहीत. मधल्या शंभर वर्षांत मराठीत बायकांनी पुष्कळ चांगलं लिहिलं, पण इतकं न घाबरता फार थोड्या जणींनी लिहिलं असं मला मनापासून वाटतं. तेही पुण्यामुंबईत बसून नव्हे, घाटावरच्या या लहानशा जिल्ह्याच्या गावातून.

तुम्ही मात्र दारात लेकरू घेऊन उभ्या आहात आणि तुमचा प्रश्न पुस्तकाचा नाही, रात्रीचा आहे. ताराबाईंकडे शब्द आहेत, तुमच्या दुखण्याला त्यांनी नाव दिलंय. पण तुमच्यासारख्या पन्नास जणींना ठेवायला त्यांच्याजवळ जागा नाही, मंडळ नाही, सोबतीण नाही. एकटी बाई लिहू शकते. दार उघडं ठेवायला चार जणी लागतात. पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. जोतिराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि टवाळखोरांना खडसावलं. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून लोकांसमोर आणेपर्यंत.

मग दार होतं कुठं? त्यासाठी आणखी मागे चला, १८६३ सालात, पुण्याला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलंय. वाट चुकलेल्या म्हणून ज्यांना जग हाकलतं, त्या गरोदर विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. येणाऱ्या बहुतेक वरच्या जातीच्या आणि त्यांचं बाळंतपण करणारं घर माळ्याचं. सावित्रीबाई स्वतः त्यांची उस्तवार करतात. इथंच जन्मलेल्या एका मुलाला या जोडप्यानं पोटाशी धरलं. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यासाठी रोगी उचलून आणताना सावित्रीबाईंना प्लेगानं गाठलं. विजयालक्ष्मीला असं घर सापडलं असतं तर ती आणि तिचं बाळ, दोघंही वाचली असती. म्हणून मी बायकांच्या संघटनांचा इतिहास मोर्चांपासून मोजत नाही, या घरापासून मोजते.

आता शंभरएक वर्षं पुढे. २६ मार्च १९७२, रात्रीचे साडेदहा. तुम्ही देसाईगंजला पोलीस ठाण्याबाहेर उभ्या आहात. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, त्या वेळी चंद्रपुरात. आत मथुरा आहे. आदिवासी, मजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या मधलं. घरच्यांनीच एका तक्रारीपायी तिला इथं आणलं, जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातला दिवा जातो. दार बंद होतं. बाहेर तिची माणसं हाका मारतात, गर्दी वाढत जाते. तुम्हीही त्या गर्दीत आहात, काहीच करू शकत नाही. ती बाहेर येते आणि काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगते. या ठिकाणी क्षणभर थांबा. अडाणी, गरीब, कोवळ्या वयाची मुलगी पोलिसांच्या दारात उभी राहून पोलिसांचं नाव घेते. कायद्यात पुढे जे जे झालं त्याची सुरुवात तिच्या या बोलण्यात आहे.

पुढची सहा वर्षं भरभर पाहून घ्या. १९७४ साली सेशन कोर्टानं आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा अर्थ. ज्या दारात बाईनं संकटात धाव घ्यायची तेच दार तिच्यामागे बंद झालं होतं, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाला त्यात सक्ती दिसली नाही.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ते पत्र हातोहात फिरलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बायका जमल्या आणि बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. ८ मार्च १९८० ला तुम्ही रस्त्यावर आहात, तुमच्या शेजारी प्राध्यापिका आहे, गिरणीतली बाई आहे, घरून न सांगता आलेली कॉलेजातली मुलगी आहे, आणि सगळ्यांच्या तोंडी देसाईगंजच्या एका मजूर मुलीचं नाव आहे. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली, माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं. मथुरेला स्वतःला या बदलाचा काही उपयोग झाला नाही.

मोर्चा संपल्यावर बायका घरी गेल्या, पण त्या मंचाकडे एक वेगळीच रांग लागली. बलात्काराविरुद्ध बोलणाऱ्या बायका आहेत हे ऐकून मार खाणाऱ्या, जाळून मारायची धमकी मिळालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका येऊ लागल्या. त्यांना घोषणा नको होत्या, रात्रीपुरता आसरा, वकील आणि पोलीस ठाण्यात सोबत यायला कुणीतरी हवं होतं. मदत केंद्र चालवायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. आलेल्या बाईला परत पाठवता येत नाही, एवढ्यावरून ते सुरू झालं.

जून १९८२, पुणे. मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. तिनं माहेरी लिहिलेली पत्रं खटल्यात पुढे आली. खालच्या दोन्ही कोर्टांनी नवऱ्याला फाशीची शिक्षा सुनावली आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. पण शहरातल्या शिकलेल्या, सुखवस्तू घरांना एक प्रश्न चिकटला, तो निकालानं सुटला नाही. मुलगी पत्रातून सांगत असते तेव्हा आपण काय करतो? 'स्त्री' मासिकाच्या विद्या बाळ आणि त्यांच्या सोबतिणींनी १९८२ सालीच नारी समता मंच सुरू केला. 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन केलं आणि ते गावोगाव नेलं. तुम्ही त्या फलकांसमोर उभ्या आहात. तुमच्या मागे एक म्हातारी डोळ्याला पदर लावून उभी आहे, शेवटचा फलक संपला तरी हलत नाही. मंचानं मग 'बोलते व्हा' नावाचं केंद्र काढलं, जिथं येऊन बाईनं नुसतं बोलायचं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. बाई बोलली की कुणीतरी लगेच सल्ला देतं, सांभाळून घे. इथं आधी ऐकलं जायचं.

१९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं थेट पोलीस आयुक्तालयात एक टेबल मांडलं. देसाईगंजनंतर बारा वर्षांनी पोलिसांच्याच छपराखाली, पोलीस नसलेली प्रशिक्षित बाई तुमच्यासमोर खुर्ची सरकवते आणि विचारते, आधी पाणी घेता का? त्यातूनच 'महिला व मुलांसाठी सहाय्य कक्ष' उभे राहिले. सरकारनं ते पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. गावाकडे, १९८६ च्या नोव्हेंबरात, शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनाला हजारो शेतकरी बाया जमल्या. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला घराबाहेर काढणं अवघड जातं. वऱ्हाडात ही गोष्ट भाषणापेक्षा जास्त समजते.

२६ ऑक्टोबर २००६. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा लागू झाला. १८८२ सालच्या त्या रात्रीला उत्तर देणारा हा पहिला कायदा आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तुम्हाला तिथं राहायचा हक्क आहे. मारच नव्हे, शिव्या, लैंगिक बळजबरी, पैसे अडवणं, स्त्रीधन काढून घेणं, हीसुद्धा हिंसा. दाद दिवाणी स्वरूपाची आहे, नवऱ्याला तुरुंगात घालायलाच हवं असं नाही. बऱ्याच जणींना तेच हवं असतं, मार थांबावा आणि छप्पर राहावं. अर्ज आला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल, असं कायदा म्हणतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि एक कलम मला फार मोलाचं वाटतं. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं. कवाड अर्धं उघडणारी ती शेजारीणसुद्धा. चांगल्या हेतूनं कळवलं तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

या, आता आपल्या काळात. वरवट बकालच्या चौकात एसटी थांबते. एक रस्ता शेगावकडे, एक जळगाव जामोदकडे, एक संग्रामपूरकडे. मुली शाळा-कॉलेजला ये-जा करतात, बायांच्या हातात मोबाइल आहे, बचत गटाच्या बैठका होतात. तुमचं वय तेच आहे, विशीतलं. रात्रीचे दहा वाजलेत आणि पाठीवर वळ आहेत.

जायचं कुठं? पोलीस ठाणं तामगावला. संकटातल्या बाईला निवारा, डॉक्टर, वकील एका छपराखाली मिळावा म्हणून २०१५ पासून 'सखी' केंद्रांची योजना आहे, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणासाठी. वरवटहून बुलडाणा म्हणजे शेगाव, खामगाव आणि मग बोथ्याच्या जंगलातून घाट. घाटाखालच्या बाईला जिल्हा आजही १८८२ इतकाच उंचावर आहे. रात्री एसटी नसते. सकाळी निघाली तर मजुरी बुडते, लेकरू कुणाकडे ठेवायचं ते कळत नाही आणि सगळं गाव विचारतं, कुठी चाल्ली व माय? कायदा आहे, योजना आहे, नंबर आहे. मधलं अंतर कुणी चालायचं, हे ठरलेलं नाही. बायकांची संघटना नेमकं हे अंतर चालते. कायदा वाचून दाखवते, अर्ज लिहून देते, तारखेला शेजारी बसते आणि चार महिन्यांनी पुन्हा विचारायला येते.

गावात याला एक पर्याय सांगितला जातो, तंटामुक्त समिती. २००७ साली ही मोहीम सुरू झाली आणि बांधाच्या, वाटणीच्या भांडणांत तिचा उपयोग झाला, हे मी मानते. पण बायकोला मारणं हा तंटा नाही. तंट्यात दोन बाजू असतात आणि दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. मार खाणाऱ्या बाईनं काय सोडायचं? बहुतेक पुरुष असलेल्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला उभं करून 'मिटवून टाका' म्हणणं म्हणजे १८८२ चा पाटील पुन्हा खुर्चीत बसवणं. असे 'समझोते' बंद झाले पाहिजेत.

गाव ठरवलं तर करू शकतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता घ्यायला सांगितलं. ताराबाईंनी विचारलेल्या प्रश्नाला एका गावानं एकशे चाळीस वर्षांनी ठरावाच्या भाषेत उत्तर दिलं. ज्या जिल्ह्यातून तो प्रश्न निघाला, त्या जिल्ह्यानं मागे राहू नये.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात बंधनकारक आहे. अनेक गावांत ती रजिस्टरवरच होते. वरवट बकालच्या बायांनो, पुढची सभा खरोखर भरवा आणि त्यात एक ठराव लिहून घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीची एक खोली बायांसाठी उघडी राहील, कारण बाजाराला येणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, कुठं चाललीस. तिथं गावातल्या दोन प्रशिक्षित बाया बसतील, अंगणवाडीतल्या, बचत गटातल्या, कुठल्याही, फक्त तोंडाच्या घट्ट. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन भिंतीवर मोठ्या अक्षरात राहील. उत्पन्न कितीही असो, बाईला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, हेही त्याखाली लिहा. आणि गावात रात्रीसाठी दोन घरं ठरवून ठेवा, जिथं कडी वाजली की आधी बाईला आत घेतलं जाईल आणि मग काय झालं ते विचारलं जाईल. तोवर फोन नंबर पाठ करा आणि लेकींना पाठ करायला लावा, महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलीस ११२.